काचेतला फेस, नोंद ४: सात बाजूंचा कप्पा अखेर सापडला

मागच्या खेपेला चार तासांत सगळा फेस फुटला होता. कारण फालतू निघालं: कडेने पाणी सुकत होतं. या वेळी फोटोफ्रेमच्या दोन काचांमध्ये दीड मिलिमीटर जाडीची रबरी पट्टी ठेवली, कडा व्हॅसलीनने लिंपल्या, साबणात थोडं ग्लिसरीन घातलं. दर दहा मिनिटांनी मोबाइलने फोटो. रात्रभर एकही पडदा फुटला नाही.

नव्यांसाठी थोडक्यात. तापलेल्या धातूत ग्रेन, म्हणजे धातू ज्यांचा बनलेला असतो ते बारीक स्फटिक, कसे वाढतात, त्याची ही सपाट नक्कल. धातूशास्त्रज्ञ सिरिल स्टॅन्ली स्मिथ यांनी आपल्या क्षेत्रातल्या लोकांपुढे असाच फेस मांडला होता. त्यावर गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांचा नियम १९५२ मध्ये छापून आला: कप्पा (काचांमध्ये दबलेला एक बुडबुडा) वाढणार की आटणार, आणि किती वेगाने, हे फक्त बाजूंच्या संख्येवर ठरतं. १९५६ मध्ये मलिन्स यांनी तेच ग्रेनच्या सीमांना लावून दाखवलं. फेसात हवा पडद्यातून झिरपते, धातूत अणू सीमा ओलांडतात, भूमिती तीच.

मला आवडतो तो हिशोब असा. कप्प्याभोवती एक फेरी मारा, एकूण ३६० अंश वळावं लागतं. भिंती १२० अंशांत भेटतात, म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर ६० अंश फुकटात मिळतात. सहा कोपरे असले की हिशोब पुरा. पाचच असले तर उरलेले ६० भिंतींनी बाहेर फुगून भरायचे. मग आतला दाब वाढतो आणि हवा शेजाऱ्याकडे जाते.

फोटोंवर आलेखाची जाळी टाकून चौकोन मोजले. पाच बाजूंचा कप्पा तासाला साधारण १० चौकोन घटला, चार बाजूंचा १९. सात बाजूंचा ९ ने वाढत होता. पहाटे पावणेचारला त्याचा तीन बाजूंचा शेजारी मिटला, सातवाल्याची एक बाजू गेली, सहा उरल्या, आणि त्याच्या क्षेत्रफळाचा आलेख तिथून सरळ आडवा! कप्पा चांगला वाकडातिकडा होता, पण सहा म्हणजे सहा.

तीन बाजूंचे मात्र हिशोबापेक्षा हळू आटतात. संशय पाण्यावर आहे: कोपऱ्यांत साचलेल्या पाण्याने पडद्याचा बराच भाग झाकला जातो. पुढच्या वेळी काचा उभ्या धरून आधी निथळून घेणार. त्यानंतर खरा धातू, तांब्याची पट्टी. तिच्यातले ग्रेन दिसावेत म्हणून पृष्ठभाग कोरायला फेरिक क्लोराइड आणून ठेवलंय.