तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लॅकबेरीच्या जाळीला एवढी नावं कशाला?

पुण्याहून कोणी आमच्याकडे इंग्लंडला आलं की मी त्यांना रानात फिरायला नेते आणि दहाव्या मिनिटाला कुठल्यातरी काटेरी जाळीपुढे थबकते. मग प्रश्न ठरलेला. "अगं, ही ब्लॅकबेरीच ना? मग एवढं काय बघतेस?"

ब्लॅकबेरीच. पण ब्रिटनमध्ये ब्लॅकबेरीच्या नाव दिलेल्या तीनशेहून अधिक जाती आहेत. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने 1753 साली जवळपास सगळ्यांना 'रुबस फ्रुटिकोसस' या एका नावात बसवलं होतं. त्या वेगळ्या काढायच्या म्हणून एक अख्खी अभ्यासशाखाच उभी राहिली. तिला बॅटॉलॉजी म्हणतात. मी या विषयाची हौशी विद्यार्थिनी.

सगळी गोम बीमध्ये आहे. हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, म्हणून आपण कलम बांधतो. बहुतेक ब्लॅकबेरींचं बी हेच मुळात कलम असतं. परागकण लागतात, पण ते बियातला अन्नसाठा तयार होण्यापुरते. गर्भ आईच्याच पेशीतून वाढतो, बापाचा अंश त्यात येत नाही. पक्ष्याने फळ खाऊन बी दहा मैलांवर टाकलं, तरी उगवते ती आईची हुबेहूब लेक. मधूनच कधीतरी खरा संकर होतो, एक नवं रूप जन्मतं आणि पुढे त्याच्याही तशाच लेकी पसरतात. स्वीडनच्या गुस्ताफसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1943 मध्ये युरोपातल्या ब्लॅकबेरींच्या उत्पत्तीची ही गुंतागुंत सविस्तर मांडली. अर्थात एकाच टेकडीवरच्या चार झुडपांना कोणी नाव देत बसत नाही. साधारण 50 किलोमीटरच्या टापूत तेच रूप पुन्हापुन्हा भेटलं, तरच त्याला जात म्हणायचं, असा युरोपातल्या अभ्यासकांचा संकेत आहे.

जात ओळखायला नमुना घेताना मात्र हात ओरबाडून निघतात. दोन तुकडे घ्यावेच लागतात. पहिला यंदा फुटलेल्या फांदीच्या मधल्या भागातला, पानासकट. दुसरा गेल्या वर्षीच्या फांदीवरचा फुलोरा, कारण फुलं येतात ती दुसऱ्या वर्षी. पानाला बहुधा पाच पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे पाच छोटे भाग; टोकाच्या पर्णिकेचा आकार आणि तिच्या देठाची लांबी मोजायची. काटे सरळ की वाकडे, फांदीच्या कडांवरच की सगळीकडे, मधेमधे चिकट ग्रंथी आहेत का, तेही बघायचं. पाकळ्यांचा रंग आणि पुंकेसरांची लांबी तिथेच वहीत टिपायची, वाळल्यावर रंग उडतो. आमच्याजवळच्या खडूच्या टेकड्यांवर रुबस उल्मिफोलियस ही जात दिसते. तिच्या फांदीवर द्राक्षावर असते तशी निळसर पांढरी साय असते, बोट फिरवलं की निघून येते. पान उलटलं की खालून पांढरंशुभ्र, लव दाबून बसवल्यासारखं. ब्रिटनच्या ब्लॅकबेरींमध्ये नेहमीच्या पद्धतीने, आईबाप दोघांचा अंश घेऊन बी धरणारी हीच एक. म्हणून मला ती फार जवळची.

"पण याचा उपयोग काय?" हा पुढचा प्रश्न. त्यावर मी ऑस्ट्रेलियाचं उदाहरण देते. तिथे युरोपातून गेलेल्या ब्लॅकबेरीने कुरणं आणि ओढ्यांचे काठ व्यापले. तिला आवरायला 1991 च्या सुमारास तांबेरा पाडणारी बुरशी अधिकृतपणे सोडली, तर काही जाळ्या झडल्या आणि काही तशाच हिरव्यागार राहिल्या. बाहेरून ती सगळी ब्लॅकबेरीच दिसत होती, पण त्यात अनेक जाती होत्या. सर्वांत फैलावलेली निघाली रुबस अँग्लोकँडिकन्स, मूळची इंग्लंडची. मग ऑस्ट्रेलियातली रोपं दक्षिण फ्रान्समध्ये नेऊन लावली आणि तिथल्या हवेतल्या तांबेऱ्याचे कोणते प्रकार त्यांच्यावर बसतात ते पाहिलं. मला हा प्रयोग अतिशय सुंदर वाटतो. कुठली झुडपं वाचली, हे सांगायला आधी त्यांना नाव हवं.

चुकीच्या नावाचंही एक उदाहरण आहे. ल्यूथर बरबँक या अमेरिकेतल्या रोपपैदासकाराने भारतातून आलेल्या बियांपासून वाढवलेली एक ब्लॅकबेरी 1885 मध्ये कॅलिफोर्नियात 'हिमालयन' म्हणून विकायला काढली. ती हिमालयातली नाहीच, आर्मेनिया आणि उत्तर इराणकडची आहे. आज अमेरिकेच्या वायव्य भागात तिने नद्यांचे काठ झाकलेत, आणि लोक अजूनही तिला हिमालयन म्हणतात.

फळं खायला सप्टेंबरात यायचं म्हणता, तर जरूर या, गोड असतात. पण हे सगळं बघायचं असेल तर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात या. नंतर पाकळ्या गळून जातात. आणि जाड कातडी हातमोजे मात्र तुमचे तुम्ही आणा, माझ्याकडे एकच जोडी आहे.