एकूण किती लागले?

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी परवा जिन्यातच गाठलं. त्यांचा मुलगा अकरावीला गेलाय आणि त्याने घरात गेमिंग पीसीचा जप लावलाय. "तुझा तू स्वतः जोडलास ना गं? एकूण किती लागले?" हाच प्रश्न ऑफिसात डबा खाताना येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, एकदा तर नळ दुरुस्त करायला आलेल्या दादांनी विचारला. मी एका सीएच्या ऑफिसात हिशेब लिहिते, तेव्हा आकडा मला तोंडपाठ असणार अशी सगळ्यांची खात्री. आहेच. पण तो ऐकून कुणी "बाप रे" म्हणतं, कुणी "एवढ्यात होतं?" म्हणतं, आणि दोघंही चुकीचा अंदाज बांधून घरी जातात. म्हणून तुम्ही विचारलंतच तर या वेळी सविस्तर सांगते.

आकडा आधी. २०१८ च्या दिवाळीपासून २०२५ च्या दिवाळीपर्यंत गेले १,०६,०००, परत आले ५,५००. निव्वळ १,००,५००. महिन्यावर पसरले तर १,२०० च्या आत. एवढे पैसे एकदम माझ्या हातात कधीच नव्हते, आणि २०१८ मध्ये असते तर ते चुकीच्या वस्तूंत घालून मी मोकळी झाले असते, हे आता कळतं.

तेव्हा हातात होता दिवाळीचा बोनस आणि थोडी शिल्लक. भांडुपहून स्लो पकडून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने पत्ता विचारलात तर दुकानदारच गोंधळतो. यादी खिशात होती: रायझन ५ २६०० प्रोसेसर १४,२००, बी४५० चा मदरबोर्ड (ज्यावर बाकी सगळं बसतं) ६,९००, ८ जीबीची एक रॅम (तात्पुरत्या स्मृतीची कांडी) ५,८००, २४० जीबीची एसएसडी (सगळं साठवायला) ३,४००, ५५० वॉटचा एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) ४,१००, कॅबिनेट २,६००. झाले ३७,०००. ग्राफिक कार्ड पुढच्या दिवाळीला, असा माझा बेत. काउंटरवरच्या माणसाने यादी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, फिर डिस्प्ले किधर से आयेगा?" या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोयच नाही, कार्ड नसेल तर पडदा काळा. एवढा अभ्यास करून गेले होते आणि नेमकं हेच निसटलं. मग मुलुंडच्या एका कॉलेजच्या मुलाकडून जुनं जीटीएक्स १०५० टीआय ८,५०० ला घेतलं. ४ जीबीचं कार्ड, ७५ वॉटवर चालणारं. माझ्या मॉडेलला वेगळी वायरसुद्धा लागत नव्हती, बोर्डातूनच वीज घ्यायचं.

त्या दुकानात दोन गोष्टींवर अडून बसले. एक, पक्कं बिल. बिलाशिवाय घेतलं तर चांगले दोनेक हजार कमी, असं सुचवण्यात आलं. मी १८ टक्के जीएसटी भरून बिल घेतलं. हिशेबनीस आहे म्हणून नाही (थोडं त्यामुळेही). २०२१ मध्ये ती पहिली रॅम मेली तेव्हा बिल फाइलला होतं, तीन आठवड्यांत बदलून मिळाली. दुसरी गोष्ट एसएमपीएस. तो माणूस १,८०० चा डबा पुढे सरकवत होता, कारण माझी मशीन २०० वॉटही खाणार नव्हती. खरं होतं त्याचं. पण एसएमपीएस ही घराच्या वायरिंगसारखी चीज आहे. बल्ब रोज बदला, वायरिंग एकदाच. तोच डबा आजही चालू आहे.

परतीला मुद्दाम दुपारची गाडी धरली. लेडीज डब्यात कॅबिनेटचा खोका मांडीवर मावेना म्हणून दाराजवळ उभी राहिले. शेजारच्या बाईंनी आधी "ओव्हन का?" विचारलं, मग "मिक्सर?" आणि घाटकोपर आल्यावर स्वतःच ठरवून टाकलं, "देव्हारा असेल."

जोडणीला चार तास लागले. चटईवर पेपर पसरून, दर थोड्या वेळाने लोखंडी कपाटाला हात लावून, म्हणजे अंगातली स्थिर वीज बोर्डात उतरत नाही. मागचा पत्रा आधी बसवायचा असतो, तो मी बोर्ड घट्ट आवळल्यावर खोक्यात पाहिला. सगळं परत सोडलं. चालू बटणाच्या वायरी तर तांदळाच्या दाण्याएवढ्या, त्यांच्यावरची अक्षरं वाचायला मोबाइलचा टॉर्च. शेवटी बटण दाबलं, पंखे फिरले. मॉनिटर नव्हताच, हॉलमधल्या टीव्हीला जोडलं होतं. टीव्हीवर 'नो सिग्नल'. दीड तास मी रॅम काढतेय, घालतेय. सातची मालिका बुडाल्यामुळे आई आधीच तापलेली. ती म्हणाली, "केबलवाल्याच्या डब्याचंही असंच होतं. दुसऱ्या भोकात लावून बघ." बोर्डावरचं एचडीएमआयचं भोक या प्रोसेसरबरोबर नुसतं शोभेचं, वायर कार्डाला लावायची असते. लावली. चित्र आलं. या जोडणीतला सर्वांत अचूक सल्ला आईचा, हे ती आजही पाहुण्यांना सांगते.

पुढच्या वर्षी रॅमचे भाव उतरले होते. ५,८०० ची तीच ८ जीबीची कांडी २,९०० ला मिळाली. एकापेक्षा दोन कांड्या बऱ्या, कारण प्रोसेसरला दोन्हींकडून एकदम माल उचलता येतो. ती बसवताना कळलं की माझी ३००० च्या वेगाची रॅम वर्षभर २१३३ वर रांगत होती. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी नावाची एक ओळ चालू करायची असते, ती कुणी आपणहून करून देत नाही. तुमच्याकडे आधीच असेंबल केलेली मशीन असेल तर आज रात्री तेवढं बघा. फुकटचं काम आहे.

२०२० मध्ये घरच ऑफिस झालं. बाबांच्या बातम्या, आईची मालिका आणि माझी टॅली एका टीव्हीवर नांदणं शक्य नव्हतं, म्हणून पुढच्या वर्षी २४ इंची, १४४ हर्ट्झचा मॉनिटर आला, १३,५०० ला. त्याआधी १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. माझं अर्धं भरलेलं रिटर्न गेलं. मुंबईत वीज जात नाही हा आपला अभिमान त्या दिवशी उतरला आणि ३,२०० चा यूपीएस घरात आला.

त्या दीडदोन वर्षांत ग्राफिक कार्डाचं नाव काढायची सोय नव्हती. इथेरियम या आभासी चलनाचं कॉइन कार्डांवर गणितं चालवून काढणारे लोक कार्डं घाऊक उचलत होते, चिपांचाही तुटवडा होता. माझ्या १०५० टीआयला मी दिलेल्यापेक्षा जास्त पैसे देऊ करणारा भेटला. विकून बसले असते तर शोभेचं भोक आणि मी. थांबले. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने कार्डांवर कॉइन काढायची ती पद्धतच बंद केली आणि बाजारात जुनी कार्डं लोटली. रात्रंदिवस राबलेलं कार्ड नको म्हणून मी नवं आरएक्स ६६०० घेतलं, ८ जीबीचं, २२,८०० ला. जुनं ५,५०० ला गेलं. नव्या कार्डाला वेगळी आठ पिनांची वायर लागते, ती त्या हट्टाने घेतलेल्या एसएमपीएसमध्ये चार वर्षं गुंडाळून पडली होती. सोडवली, लावली, झालं.

पण गेम मध्येच अडखळायचे. नव्या माणसांची इथेच चूक होते, की अडखळलं की आणखी मोठं कार्ड घ्यायचं. गेम चालू असताना कोण किती राबतंय ते पडद्यावर दिसतं. माझं कार्ड ६० टक्क्यांवर निवांत बसलेलं आणि प्रोसेसर घामाघूम. गाडी आतून रिकामी असते, पण दारात दोन बायका अडून उभ्या, तसला प्रकार. दारातल्या हलवायच्या, म्हणजे प्रोसेसर बदलायचा. रायझन ५ ५६०० ठरला, ११,६००. तो बोर्डावरच्या त्याच एएम४ सॉकेटात (प्रोसेसरच्या खाचेत) बसतो, फक्त आधी बायोस अपडेट करावं लागतं. ते करताना वीज गेली तर बोर्ड मरू शकतो, तेव्हा यूपीएस असूनही मी पंधरा मिनिटं श्वास रोखून होते.

अपडेट सुखरूप झालं. खरा घोटाळा त्यानंतर.

जुन्या प्रोसेसरवरचा पंखा काढायला चारही स्क्रू सोडले आणि सरळ वर ओढला. थोडा चिकटला होता, म्हणून जोर लावला. 'टक्' असा आवाज आला आणि पंख्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरही वर आला, सॉकेटचा खटका बंद असताना. पाच वर्षं वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारा लेप), सिमेंट झालेली. या प्रोसेसरच्या पोटाला १,३३१ पिना असतात, केसाएवढ्या. एका कोपऱ्यातल्या सात-आठ आडव्या झालेल्या. नवा प्रोसेसर खोक्यात होता, तेव्हा तसं काही बिघडलं नव्हतं. पण जुना राजापूरच्या मामेभावाला द्यायचं कबूल केलं होतं.

रात्री दीड वाजता भावाच्या कंपासपेटीतली ०.५ ची लेड पेन्सिल घेतली, शिसं काढून टाकलं. तिचं पोकळ टोक बरोबर एका पिनेवर बसतं. पिन आत घ्यायची, शेजारणीच्या रांगेत येईपर्यंत हळूच उभी करायची, सोडायची. एका झटक्यात सरळ करायला गेलं तर तुटते. ओळ बरोबर आली का ते प्रोसेसर डोळ्यांसमोर आडवा धरून बघायचं, सुईत दोरा ओवताना बघतो तसं. तीन वाजता सगळ्या उभ्या राहिल्या. पुढच्या महिन्यात तो राजापूरला गेला आणि अजून चालतोय. मामेभाऊ दर मे महिन्यात हापूसची पेटी पाठवतो. ती जमेला कशी धरायची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

(तुमच्यावर ही वेळ आलीच तर आधी पंधरा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मशीन बंद करून वायर काढा, मग पंखा डावीकडे-उजवीकडे पिळत सोडवा. ओढू नका.)

बाकी किरकोळ. २०२४ मध्ये १ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे आणखी वेगवान एसएसडी, ५,२०० ला, एक जादा पंखा ८५०, पेस्ट ४५०. विजेचं म्हणाल तर गेम चालू असताना सगळं मिळून ३०० वॉटच्या आत, तीन तास खेळले तरी एक युनिट होत नाही. मीटर पळतं ते फ्रिजमुळे, हे बाबांना अजून पटलेलं नाही. मशीनचा खरा वैरी आपला पावसाळा. जुलैत आईने कॅबिनेटच्या वरच दोरी बांधून चादर वाळत घातली होती, वरच्या जाळीत थेंब पडताना मी पाहिले. तेव्हापासून दोरी स्वयंपाकघरात आणि दर दोन महिन्यांनी ब्रशने धूळ. पंख्याची पाती बोटाने धरून मगच फुंकणी मारायची, नाही तर तो गरगरून खराब होतो.

तेव्हा काकू, तुमच्या मुलासाठी म्हणाल तर माझी यादी उतरवून घेऊ नका. माझं एएम४ घर आता जुनं झालं. आज नव्याने मांडायचं तर एएम५ चा बोर्ड घ्या, त्या सॉकेटला निदान २०२७ पर्यंत नवे प्रोसेसर देऊ असं रायझन बनवणाऱ्या एएमडीने सांगितलंय. बोर्ड आणि एसएमपीएस चांगला, प्रोसेसर साधा, पण चित्र दाखवणारा. कार्ड लगेच नको. अभ्यास, कोडिंग आणि हलके गेम प्रोसेसरवरच होतात, आणि वर्षभरात मुलाचा उत्साह टिकतो का तेही कळेल. फक्त रॅम. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचलला आणि रॅमचे भाव भडकले, तेव्हा तिथे हात आखडा: आधी एकच १६ जीबीची कांडी, दुसरी भाव उतरल्यावर.

शनिवारी निघू. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. त्याला सोबत पाठवा, खोका त्यानेच उचलायचा, आणि बिल त्याच्या नावावर नको, तुमच्या नावावर.