बसच्या मापाचे नाटक

गेल्या हिवाळ्यात आमच्या हौशी नाट्यसंस्थेने पुण्याहून निघून नाशिक, इंदूर, ग्वाल्हेर आणि दिल्ली असा दौरा एकाच बसने केला. त्या दौऱ्यात नाटकाविषयी मला जे समजले, ते तालमीच्या हॉलमध्ये बसून कधीच समजले नसते. मी संस्थेत नेपथ्य आणि मंचव्यवस्था पाहते. नट मंडळींच्या दौऱ्याच्या आठवणी प्रेक्षकांच्या, टाळ्यांच्या आणि जेवणाच्या असतात. माझ्या आठवणी मापांच्या आहेत. डिकीची उंची, टपावरच्या कॅरिअरची लांबी, मागच्या दाराची रुंदी या गोष्टींनी आमच्या नाटकात किती ढवळाढवळ केली आणि त्यातून नाटकाचे किती भले झाले, हे लिहून ठेवावे असे तेव्हापासून मनात होते.

सामानासाठी वेगळा टेम्पो करणे आम्हाला परवडणारे नव्हते, म्हणून माणसे आणि सेट एकाच गाडीत बसवणे भाग होते. आठ बाय चार फुटांचे फ्लॅट (म्हणजे सेटच्या भिंती जोडायचे तुकडे), लेव्हल (म्हणजे रंगमंचावर उंचवटा करणारे चौथरे), चौकटीसह एक दरवाजा, एक जुने लाकडी कपाट, कपडेपटाच्या ट्रंका, रंगपटाची पेटी आणि खिळे-हातोड्यांपासून काळ्या कापडाच्या तुकड्यांपर्यंतचे किरकोळ सामान एवढा पसारा होता. फ्लॅट ताडपत्रीत गुंडाळून टपावर गेले, बाकीचे डिकीत आणि मागच्या आसनांवर. हे सगळे चढवताना आमच्याकडचे सर्वांत जुने रंगमंच कामगार, ज्यांना सगळी संस्था अण्णा म्हणते, शेजारी उभे राहून एकेका वस्तूचा क्रम सांगत होते. मी लेव्हल आधी आत सरकवायला सांगितल्या तेव्हा ते म्हणाले, "ताई, लेव्हल थांबू द्या. स्टेजवर जे आधी लागतं, ते गाडीत शेवटी जातं." त्यांच्या या एका वाक्यात मंचव्यवस्थेचा अर्धा अभ्यासक्रम आहे. ज्या नाट्यगृहात सकाळचा बालनाट्याचा प्रयोग संपल्यावरच आत जायला मिळते आणि संध्याकाळी तिसरी घंटा ठरल्या वेळेला द्यायची असते, तिथे सेट लावण्याचा क्रम हा खरे तर आदल्या रात्री गाडी भरतानाच ठरलेला असतो.

प्रवासाचे साधन नाटकाचा आकार ठरवते, ही गोष्ट मराठी रंगभूमीला नवी नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत पहिले नाटक केले तेव्हा चिंतामणराव पटवर्धनांचा राजाश्रय होता. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत खेळ केले. त्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली रेल्वे धावली असली, तरी बोरघाटातला लोहमार्ग आणखी दहा वर्षांनी पुरा व्हायचा होता. म्हणजे त्या मंडळींनी घाट रेल्वेवाचून उतरला. पुढे संगीत नाटकांच्या कंपन्या आल्या आणि त्या रेल्वेच्या आधाराने वाढल्या. रंगवलेले पडदे, गालिचे, वाद्ये, कपड्यांच्या पेट्या आणि आचाऱ्यांची भांडी यांसह कंपनीचे सारे बिऱ्हाड एका गावाहून दुसऱ्या गावी हलत असे, आणि एवढा पसारा हलवायचा म्हणजे एकेका गावी दीर्घ मुक्काम करणे ओघानेच आले. मुक्काम असल्यामुळे एकाच गावात वेगवेगळी नाटके लावता येत, पदे रंगली की वन्समोअर घेत पहाटेपर्यंत प्रयोग चालवता येई. पृथ्वीराज कपूर यांची पृथ्वी थिएटर्स १९४४ ते १९६० या काळात देशभर फिरली ती रेल्वेने, आणि प्रयोग संपल्यावर पृथ्वीराज स्वतः झोळी घेऊन दाराशी उभे राहत.

बसने हे चित्र पालटले. बोलपट आल्यावर कंपन्या मोडल्या, महिन्याच्या पगाराची जागा 'नाईट'ने, म्हणजे दर प्रयोगामागे मिळणाऱ्या पैशांनी, घेतली, आणि ज्या रात्री प्रयोग त्याच रात्री सेट काढून पुढच्या गावाला निघायचे अशी रीत पडली. एका रात्रीत लागेल, एका रात्रीत निघेल आणि एका गाडीत बसेल असा सेट, ठरावीक वेळेत संपणारे नाटक आणि आटोपशीर पात्रसंख्या ही आजच्या मराठी नाटकाची लक्षणे पुष्कळ अंशी रस्त्याने घडवलेली आहेत, असे माझे मत आहे. याला अपवादही झाले. १९६२ मध्ये दिल्लीत पहिला प्रयोग झालेल्या 'तो मी नव्हेच'चा फिरता रंगमंच प्रभाकर पणशीकरांनी पुढे वर्षानुवर्षे गावोगाव नेला. त्या जोडकामामागे राबलेल्या हातांची आठवण आपण फारशी काढत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. आणि तमाशाचे मोठे फड तर आजही स्वतःचा तंबू, स्वतःचा रंगमंच आणि शंभराच्या घरातली माणसे घेऊन यात्रेमागून यात्रा करतात. आम्ही एका बसचे कौतुक सांगावे, तर त्यांनी काय सांगावे?

नाशिकचा प्रयोग महाकवी कालिदास कलामंदिरात झाला आणि तो घरच्यासारखाच गेला, म्हणून त्याविषयी विशेष काही लिहीत नाही. खरा दौरा त्या रात्री सेट काढून आम्ही आग्रा रोडला लागलो तेव्हा सुरू झाला. धुळे आणि शिरपूर मागे टाकून सेंधव्याच्या अलीकडचा बिजासनचा घाट चढलो की मध्य प्रदेश. पूर्वी राज्याच्या सीमेवर कर भरण्यासाठी गाडी नाक्याला लावून तासन्‌तास बसावे लागे. १ एप्रिल २०२१ पासून पर्यटक बसला देशभराचा एकच परवाना ऑनलाइन मिळू लागला आणि ते थांबणे संपले. दौरे करणाऱ्या लहान संस्थांना या बदलाचा किती उपयोग झाला आहे, हे वर्तमानपत्रांतून फारसे वाचायला मिळत नाही.

रात्रीच्या प्रवासाचा आमच्या दिग्दर्शकांचा एक नियम होता आणि तो कोणीही मोडला नाही: ड्रायव्हरकाकांच्या शेजारी केबिनमध्ये पाळीपाळीने एकाने जागे बसायचे. दिवसा मात्र बसमध्ये तालीम होत असे. तालीम म्हणजे केवळ संवादांची उजळणी, कारण हलत्या गाडीत उभे राहण्याची कोणालाच परवानगी नव्हती. या उजळणीत जे घडले त्याची अपेक्षा मी केली नव्हती. बसमध्ये सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला असतात; समोरच्या नटाचा चेहरा, हातवारे, डोळे काहीच दिसत नाही. आमच्या नाटकातली मुलगी खिडकीशी बसलेली आणि तिचे वडील तिच्यामागे तीन रांगा सोडून. तिला त्यांचे वाक्य इंजिनाच्या आवाजातून वेचून ऐकावे लागे, आणि ते पुरते ऐकल्याशिवाय उत्तर देता येत नसे. तालमीच्या हॉलमध्ये समोरच्याचे ओठ मिटायला लागले की आपले वाक्य सुरू करण्याची जी सवय लागते, ती नर्मदेवरचा खलघाटचा पूल ओलांडेपर्यंत बरीच सुटली होती. इंदूरच्या प्रयोगात दुसऱ्या अंकातला बाप-लेकीचा प्रवेश पहिल्यांदाच नीट श्वास घेत झाला, आणि विंगेत उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना ते कळले.

इंदूरचा प्रेक्षक मराठी नाटकाला सरावलेला आहे. तिथली सानंद ही संस्था आपल्या सभासदांसाठी मुंबई-पुण्याची नाटके नियमाने बोलावत असते, त्यामुळे प्रेक्षक म्हणून त्यांची तयारी आपल्यापेक्षा कमी असेल असे समजणे हा आपला अहंकार ठरेल. तरीही पुण्याच्या पेठांवरचा विनोद तिथे शांतपणे ऐकून घेतला गेला, आणि जिथे आम्ही कधीच हशा धरला नव्हता त्या घर विकण्याच्या बोलणीवर लोक मनापासून हसले. प्रयोगानंतर एक वयस्कर बाई रंगपटात आल्या. "आमच्याकडे चार पिढ्या इथेच गेल्या हो," त्या म्हणाल्या, "पण वाडा विकायची बोलणी अगदी अशीच झाली." होळकरांच्या काळापासून तिथे रुजलेल्या घरांना पुण्याच्या पेठा माहीत असण्याचे कारण नाही, वाडे, वाटण्या आणि भाऊबंदकी मात्र त्यांची स्वतःची आहे. आमच्या लेखकाने त्याच रात्री, पुढच्या प्रवासात, पेठांचे ते सारे संवाद संहितेतून काढले. हा निर्णय त्याने कोणाच्याही सांगण्यावरून घेतला नाही, याचे मला फार बरे वाटले.

देवास, ब्यावरा, गुना, शिवपुरी असे करत ग्वाल्हेर गाठायला आम्हाला ठरल्यापेक्षा पुष्कळ उशीर झाला. त्यातच ज्या सभागृहात प्रयोग होता, तिथल्या रंगमंचाची खोली आम्हाला कळवलेल्या मापापेक्षा कमी निघाली. मी टेप लावून पाहिले: मागची भिंत उभी केली तर कपाट आणि लेव्हल यांच्यामधून माणूस आडवाच जाऊ शकला असता. दिग्दर्शक, अण्णा आणि मी रंगमंचावरच उभे राहून ठरवले की मागची भिंत आणि दरवाजा गाडीतून उतरवायचाच नाही. दोन लेव्हल, कपाट, खुर्च्या आणि मागे काळा पडदा एवढ्यावर प्रयोग करायचा.

अडचण एकच होती. पहिल्या अंकाच्या शेवटी मुलगी दार आपटून निघून जाते, आणि त्या आवाजावर पडदा पडतो. आता आपटायला दारच नव्हते. पर्याय शोधायला वेळ नव्हता, म्हणून दिग्दर्शकांनी तिला एवढेच सांगितले की जिथे दार होते तिथपर्यंत जा आणि थांब. ती गेली, प्रेक्षकांकडे पाठ करून थांबली, तिचा उजवा हात कडीच्या उंचीपर्यंत उचलला गेला आणि तसाच राहिला. वडील काही बोलतील म्हणून ती वाट पाहते आहे, हे तिच्या खांद्यांवरून कळत होते. वडिलांचे काम करणारे आमचे ज्येष्ठ नट हातातल्या कागदांकडे पाहत राहिले. प्रकाश विझेपर्यंत सभागृहात कोणी खोकलेसुद्धा नाही. त्या नाटकात जे सांगायचे होते ते मी आठ फुटी चौकटीआड झाकून ठेवले होते असे नाही, कारण दार आपटणेही त्या मुलीच्या रागाला धरूनच होते. पण राग सोपा होता आणि हे वाट पाहणे अवघड होते. नाटकाला अवघड गोष्टीची गरज होती.

दुसऱ्या दिवशी चंबळचा पूल ओलांडून आम्ही दिल्लीकडे निघालो, तेव्हा बसमध्ये याच एका विषयावर वाद चालू होता. अर्ध्या मंडळींना दार परत हवे होते. दिल्लीत मंडी हाउसच्या परिसरातल्या सभागृहाचा रंगमंच चांगला प्रशस्त होता, संपूर्ण सेट लावायला काहीच अडचण नव्हती. तरी भिंत आणि दरवाजा गाडीतच राहिले. प्रेक्षकांत मराठी न समजणारे बरेच नाट्यविद्यार्थी होते, आणि प्रयोगानंतरच्या गप्पांत त्यांनी सर्वांत जास्त प्रश्न विचारले ते त्या थांबलेल्या हाताविषयी.

आता पुढचा दौरा दक्षिणेचा करायचा आहे: सोलापूर, हैदराबाद आणि शक्य झाले तर थेट तंजावर. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथले मराठा राजे शाहराजे भोसले यांनी मराठी नाटके लिहिली, म्हणजे सांगलीच्या प्रयोगाच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधी, आणि तंजावरच्या मराठी नाटकांची हस्तलिखिते आजही तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. त्या गावात मराठी प्रयोगाला आज किती प्रेक्षक येतील, याची चौकशी चालू आहे. लेखकाने नव्या नाटकाचा पहिला खर्डा वाचून दाखवला, तेव्हा सेटचे रेखाटन करण्याआधी मी आणि अण्णा बसमालकाकडे जाऊन डिकीचे माप घेऊन आलो. लेव्हल यावेळी घडीच्या करून घेणार आहोत, आणि टपावर काहीही जाणार नाही.