पलंगाच्या पुढे दीड फूट

"विसार देण्याआधी एकदा मोजून द्याल का?" असा फोन आला की मी आधी जाहिरातीतलं वर्णन मागवून घेते. घरं मोजायचं काम करते मी, घेणाऱ्याच्या बाजूने. त्या दिवशीचं वर्णन चार ओळींचं होतं: दोन बेडरूम, 850 चौरस फूट, दुसरी बेडरूम 10 बाय 10, भरपूर उजेड, हवेशीर, स्टेशन पाच मिनिटांवर. सोबत बारा फोटो. दुसऱ्या बेडरूमच्या फोटोत दारासमोरच्या भिंतीला डोकं लावून डबल बेड मांडलेला, त्यावर चार उशा, आणि एवढं करूनही पायथ्याशी ऐसपैस मोकळी जागा. तो फोटो बघून मी फोनवर "खोली बरी दिसतेय" म्हणून गेले होते. हे आधीच कबूल केलेलं बरं.

घराशी पोहोचले तेव्हा नवरा-बायको आणि त्यांचा मुलगा जिन्यापाशी उभे होते. मुलगा अकरावीतला, बापाच्या डोक्यावरून गेलेला. दुसरी बेडरूम त्याच्यासाठीच होती. बाई घामेजल्या होत्या, कारण त्या स्टेशनवरून चालत, घड्याळ लावून आल्या होत्या. तेरा मिनिटं.

"पाच मिनिटं म्हणजे गाडीने हो, ताई," एजंट हसत म्हणाला.

वर्णनात गाडी नव्हती, पाय पण नव्हते. हे पाच मिनिटांचं प्रकरण मला नेहमीच पाहायला मिळतं. जपानमध्ये घरांच्या जाहिरातीत पायी अंतर द्यायचं तर 80 मीटरला एक मिनिट धरायचं आणि उरलेल्या मीटरांचंही पूर्ण मिनिट मोजायचं, असा नियमच आहे. सिग्नलला थांबणं त्यात धरत नाहीत, पण निदान कुणाच्या चालीने मोजलं ते तरी कळतं.

हॉलमध्ये अंतर मोजायचा लेसर लावला तेव्हा मुलगा मोबाइलवर तोच हॉल बघत होता. "मॅडम, फोटोत एवढा मोठा कसा दिसतो?" मी त्याला फोटोतलं भिंतीवरचं घड्याळ मोठं करून बघायला सांगितलं. भिंतीवर समोर होतं ते घड्याळ गोल, आणि फोटोच्या कडेला असलेलं तेच घड्याळ अंड्यासारखं लांबट. डोळ्याला जे साधारण जसंच्या तसं वाटतं ते 50 मिलिमीटरच्या आसपासच्या लेन्सने येतं. खोल्यांचे फोटो पुष्कळदा 16 ते 24 मिलिमीटरच्या वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य पकडणाऱ्या लेन्सने काढतात. खोली मागे पळते, कडेच्या वस्तू ताणल्या जातात. लेन्स वाइड असणं हा काही गुन्हा नाही, छोट्या खोलीत दुसरं करणार तरी काय? पण घड्याळ, ताटं, बेसिन असलं काही गोल कडेला असेल तर ते बघून घ्यावं.

चौरस फुटांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात आता कुणाला नवल वाटत नाही. भिंतींच्या आत पाय टेकता येईल अशी जागा 604 चौरस फूट भरली. बाकीचं भिंती, जिना आणि लिफ्टसमोरची जागा यांच्या वाट्याचं. "850 सगळं धरून," एजंट म्हणाला. "सगळं धरून" हे शब्द वर्णनात असते तर माझी तक्रार नव्हती.

मग दुसरी बेडरूम. आत गेल्यावर काहीतरी खटकलं, पण काय ते लगेच कळेना. लेसर दाखवत होता 9 फूट 2 इंच बाय 8 फूट 7 इंच. म्हणजे 100 च्या जागी जेमतेम 79 चौरस फूट. हिशोब करून पाहिला. एका बाजूची सहा इंची आणि दुसरीची चार इंची भिंत खोलीत धरली की 9 फूट 2 इंचाचे बरोबर 10 फूट होतात. दुसरीकडे तेवढं धरूनही 9 फूट 5 इंचच येतात, ते मग वर ओढून 10 केलेले. मी हे वहीत लिहीत होते, तेवढ्यात तो मुलगा कंटाळून पलंगावर आडवा झाला.

त्याचे पाय पोटऱ्यांपासून बाहेर लोंबत होते.

आधी आई हसली. एजंट म्हणाला, "अरे बाळा, उठ, चादर चुरगळेल." मी टेप काढला. गादी 60 इंच लांब, पलंग 62. बाजारात मोठ्या माणसांच्या गाद्या 72, 75, 78 इंचांच्या मिळतात. हा पलंग फोटोपुरता बनवून घेतलेला. रुंदीही चारच फूट, म्हणून प्रमाण बरोबर दिसत होतं आणि खोली दहा बाय दहा.

आता मला काय खटकलं होतं ते कळलं. खोलीला दारच नव्हतं. चौकटीला बिजागऱ्या होत्या, त्यांवर रंगाचा हात फिरवलेला. दार मागच्या बाल्कनीत चादरीआड उभं होतं. "हवा खेळती राहावी म्हणून काढलंय," एजंट म्हणाला. त्याची रुंदी 30 इंच.

75 इंचांची गादी आणि पलंगाची चौकट मिळून 80 इंच धरले. डोक्याकडच्या भिंतीपासून 80 इंचांवर मी फरशीवर मास्किंग टेपची पट्टी चिकटवली. त्या बुटक्या पलंगाच्या पायथ्यापासून ती दीड फूट पुढे आली. मग मुलाला मोजायच्या टेपचं टोक बिजागरीपाशी धरायला लावलं आणि 30 इंचांवर बोट ठेवून दार उघडतं तसा अर्धवर्तुळात खडू फिरवला. खडूची रेघ पट्टी ओलांडून सात इंच आत गेली. म्हणजे खरा पलंग टाकला तर दार पुरतं उघडणार नाही, आणि दार लावायचं तर त्या पोराने दुमडून झोपायचं.

वडील बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण खोटं असं काही लिहिलेलं नाही, नाही का?"

ते ओढून केलेलं दहा बाय दहा सोडलं, तर नव्हतंच. ब्रिटनने 1991 मध्ये घरांच्या वर्णनांसाठी वेगळा कायदा केला होता. 2013 मध्ये तो रद्द झाला, त्याचं काम ग्राहकांच्या सर्वसाधारण नियमांकडे गेलं. पण त्यातली 'दिशाभूल'ची व्याख्या मला अजून आवडते: विधान खोटं नसलं, तरी त्यावरून किंवा त्यात न सांगितलेल्या गोष्टीवरून शहाणा माणूस जो अर्थ काढेल तो खोटा निघत असेल, तर ती दिशाभूल. चार उशा आणि एक काढलेलं दार त्यात नेमकं बसतं.

"बघतो, कळवतो," म्हणून ते तिघं निघाले. खाली उतरताना एजंट माझ्याबरोबर होता. चिडलेला नव्हता, उलट समजावत होता. "मॅडम, पलंग काय आम्ही घराबरोबर विकत नाही."

तीन आठवड्यांनी त्या मुलाचा मेसेज आला. दुसऱ्या कुठल्यातरी हॉलचा फोटो, कडेच्या घड्याळाभोवती लाल रेघ मारलेली. खाली लिहिलं होतं, "घड्याळ गोल आलंय मॅडम. पलंग बघायला कधी येता?"