तुम्ही विचारलंत म्हणून: तटरक्षक दल म्हणजे सैन्यच का?

"मुलगा कोस्ट गार्डमध्ये लागला, म्हणजे सैन्यातच लागला ना?" सरकारी नोकरांचे सेवाविषयक खटले चालवणारा वकील म्हणून माझी ओळख झाली, की कोकणातली मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात, आणि उत्तर 'हो' असेच येणार अशी त्यांची खात्री असते. गणवेश आहे, शस्त्रे आहेत, जहाजे आहेत, खाते संरक्षण मंत्रालयाचे आहे. मग शंका कशाला? तरीही मला दर वेळी थोडे थांबून सांगावे लागते, की भारतीय तटरक्षक दल हे कायद्याने संघराज्याचे सशस्त्र दल आहे, पण भूदल, नौदल आणि वायुदल यांच्या कायद्यांनी त्याच्या सेवाशर्ती ठरत नाहीत. या दलाची शिस्त लष्कराच्या वळणाची आहे आणि पगार-निवृत्तिवेतनाचा हिशेब नागरी नोकराच्या वळणाचा. नोकरी सुरळीत चालू असते तोवर हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही.

हे वेगळेपण मुळापासूनचे आहे. साठ-सत्तरच्या दशकांत पश्चिम किनाऱ्यावर चोरट्या मालाची आयात बेसुमार वाढली होती, मुंबईजवळच्या समुद्रातल्या 'मुंबई हाय' या क्षेत्रात १९७४ मध्ये तेल सापडले होते, आणि १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर भारताने आपला हक्क सांगितला. एवढ्या पाण्यावर पोलिसी स्वरूपाची गस्त घालण्यासाठी युद्धाकरिता बांधलेले नौदल वापरणे परवडणारे नव्हते. सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी यांच्या समितीने वेगळ्या दलाची शिफारस केली, १ फेब्रुवारी १९७७ रोजी दोन जुन्या युद्धनौका आणि पाच गस्तीनौका यांच्यासह अंतरिम दल उभे राहिले, आणि पुढच्या वर्षी संसदेने तटरक्षक दल कायदा, १९७८ संमत केला, जो १९ ऑगस्ट १९७८ पासून लागू झाला. त्याच्या कलम १४ मध्ये दलाची कर्तव्ये सांगितली आहेत: समुद्रातल्या तेलविहिरींसारख्या प्रतिष्ठानांचे रक्षण, संकटातल्या मच्छीमारांना मदत, सागरी पर्यावरणाची राखण, तस्करीविरोधात सीमाशुल्क खात्याला साहाय्य, सागरी कायद्यांची अंमलबजावणी. यादी वाचली तर कळते, की यातले बहुतेक काम शांततेच्या काळातले आणि रोजचे आहे.

कायद्याचा मोठा भाग मात्र या कर्तव्यांना वाहिलेला नाही. तो शिस्त, अपराध आणि शिक्षा यांना वाहिलेला आहे, आणि नव्याने भरती होणाऱ्यांनी तोच भाग आधी वाचावा असे माझे मत आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद ३३ संसदेला सशस्त्र दलांच्या सदस्यांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार देतो, आणि या कायद्याने तो वापरला आहे. त्यामुळे दलाच्या सदस्याला परवानगीशिवाय कामगार संघटनेचे वा राजकीय संघटनेचे सभासद होता येत नाही आणि वृत्तपत्रांशी बोलता येत नाही. (समाजमाध्यमांवर जहाजाचे छायाचित्र टाकून अडचणीत येणाऱ्या तरुणांना हा नियम फार उशिरा कळतो.) बंड, वरिष्ठांची अवज्ञा, दलातून पळून जाणे, रजा संपल्यावर न परतणे, पहाऱ्यावर झोपणे, निष्काळजीपणे जहाज धोक्यात घालणे, हे सारे येथे अपराध आहेत. गैरहजेरीबद्दल सरकारी कार्यालयात फार तर खात्यांतर्गत चौकशी होते. येथे त्याबद्दल कैद होऊ शकते. लहान अपराधांचा निवाडा कमांडिंग ऑफिसर स्वतः करतो. गंभीर अपराधांसाठी तटरक्षक न्यायालय बसते, ज्यात किमान पाच अधिकारी असतात आणि कायद्याची बाजू समजावून देण्यासाठी विधी अधिकारी हजर असतो. दलाबाहेरच्या सामान्य नागरिकाचा खून किंवा बलात्कार यांसारखे गुन्हे मात्र साधारणपणे नेहमीच्या फौजदारी न्यायालयाकडेच जातात, आणि ते योग्यच आहे.

एवढी लष्करी शिस्त स्वीकारणाऱ्याला सैनिकाचेच लाभ मिळत असतील, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. काही मिळतातही: कॅन्टीन मिळते आणि निवृत्तीनंतर माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभ मिळतो. पण तिन्ही सैन्यदलांना मिळणारा मिलिटरी सर्व्हिस पे (सैनिकी सेवेच्या खडतरपणाबद्दल पगारात मिळणारी जादा रक्कम) येथे नाही, 'एक श्रेणी, एक निवृत्तिवेतन' (निवृत्ती कधीही झाली तरी समान पद आणि समान सेवेला सारखेच निवृत्तिवेतन) ही योजना या दलाला लागू नाही, आणि भरतीच्या जाहिरातीत निवृत्तिवेतन अंशदायी, म्हणजे नोकराच्याही वर्गणीतून उभे राहणारे, असल्याचे स्पष्ट लिहिलेले असते. दुसरीकडे येथे अग्निवीर योजना नाही. उलट चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांसाठी तटरक्षक दलात दहा टक्के जागा राखण्याचे सरकारने २०२२ मध्ये जाहीर केले. नौदलाचा नाविक ऐन उमेदीत बाहेर पडून दुसरी नोकरी शोधतो, तर तटरक्षक दलाचा नाविक नियमांप्रमाणे ५७ वर्षांपर्यंत नोकरीत राहू शकतो. कमांडंट आणि त्याखालील अधिकाऱ्यांनाही नियमांनी हीच मर्यादा घातली आहे, त्यावरच्या अधिकाऱ्यांना ६० ची. आणि हा भेद समानतेच्या तत्त्वात बसतो का, हा वाद न्यायालयापर्यंत गेलेला आहे. कोकणातल्या मध्यमवर्गीय घराचा विचार केला तर दीर्घ आणि सलग नोकरी हा लाभ मी हलका मानत नाही.

माझी खरी तक्रार वेगळ्याच ठिकाणी आहे. बढती नाकारली, सेवेतून काढले, अन्यायकारक शिक्षा झाली, तर दाद कोठे मागायची? आधी अर्थातच दलातच, एकेक पायरी वर जात. तटरक्षक न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध महासंचालकांकडे किंवा केंद्र सरकारकडे अर्ज करता येतो. त्यानंतर काय? सैनिकांसाठी २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आले, पण ते आर्मी ॲक्ट, नेव्ही ॲक्ट आणि एअर फोर्स ॲक्ट यांखालच्या सदस्यांपुरते आहे. केंद्र सरकारच्या नागरी नोकरांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, पण त्या कायद्यातून संघराज्याच्या सशस्त्र दलांचे सदस्य वगळलेले आहेत. म्हणजे एक दार तुम्ही सैनिक नाही म्हणून बंद आणि दुसरे तुम्ही सशस्त्र दलाचे आहात म्हणून बंद. मुंबईत या दोन्ही न्यायाधिकरणांची खंडपीठे असूनही वरळीच्या प्रादेशिक मुख्यालयात काम करणाऱ्या नाविकाला राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयातच रिट याचिका, म्हणजे सरकारी निर्णयाच्या वैधतेला आव्हान देणारा अर्ज, करावी लागते. उच्च न्यायालयाचा अधिकार मोठा आहे यात शंका नाही. पण रिट याचिकेत पुरावा नव्याने तपासला जात नाही, कामकाजाला वेळ लागतो आणि खर्चही परवडण्याजोगा नसतो. सशस्त्र दल न्यायाधिकरण लष्करी न्यायालयाच्या निकालाविरुद्ध रीतसर अपील ऐकते, पुरावा तपासते. तशाच कडक शिस्तीखाली राहणाऱ्या तटरक्षकाला तसे अपील का नसावे, याचे पटेल असे उत्तर मला मिळालेले नाही. त्यासाठी २००७ च्या कायद्यात दुरुस्ती पुरेशी आहे.

मुलीसाठी विचारणाऱ्या पालकांना मी प्रियांका त्यागी यांचा खटला वाचायला सांगतो. त्या तटरक्षक दलाच्या वैमानिक होत्या, अल्पसेवा तत्त्वावर, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्या, नेमलेल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्यांची सेवा संपवण्यात आली. भूदल आणि नौदल यांतील महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी नेमणुकीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच मान्य केला होता. तरीही २०२४ मध्ये त्यागी यांच्या प्रकरणात सरकारतर्फे सांगण्यात आले, की तटरक्षक दलाचे काम त्या दोन दलांपेक्षा वेगळे आहे. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या उत्तराबद्दल स्पष्ट नापसंती दाखवली आणि मार्च २०२४ मध्ये अंतिम निकालापर्यंत त्यांना सेवेत ठेवण्याचा आदेश दिला. शिस्त लावताना सैन्यासारखे मानायचे आणि हक्क मागितला की वेगळेपण पुढे करायचे, ही पद्धत मला कागदोपत्री वरचेवर दिसते. त्या सुनावणीत ती देशासमोर आली, एवढेच.