आयटीआय की थेट गॅरेज?

गाडी सर्व्हिसिंगला टाकून बाकड्यावर बसलेला बाप हमखास विचारतो, "पोरगा दहावी झाला, गाड्यांचा नाद आहे. आयटीआयला घालू की तुमच्याकडेच ठेवू?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो : आधी आयटीआय. पोरगी असली तरी हेच.

मी उलट्या वाटेने आलो. सोळाव्या वर्षी कुर्ल्यात एका गॅरेजला लागलो. "बारा-तेरा दे", "गोटी पाना आण", नाहीतर रॉकेलमध्ये पार्ट धू. हात तयार झाला, इंजिनच्या आवाजावरून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, ढिले झालेले कळायला लागले. पण अमुक का बिघडलं, हे कोणी सांगायचं नाही. उस्तादलाही कुणी सांगितलं नव्हतं.

एका पावसाळ्यात टॅक्सी आली. चावी फिरवली की नुसतं 'टक'. बॅटरी नवीन, म्हणून मी सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, उतरवला, दुसरा बसवला. परत 'टक'. टॅक्सीवाल्याचा दोन दिवसांचा धंदा बुडाला. शेवटी इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने व्होल्ट मोजायचा मीटर लावला, इंजिनला बसणारी अर्थची (करंट बॅटरीकडे परत नेणारी) वायर सोडवली, गंज पॉलिश पेपरने घासला, बोल्ट आवळला. पहिल्या चावीला चालू! कसं ओळखलं, ते काही त्याने सांगितलं नाही. त्याचं पोट होतं ते.

ते मला पुढे आयटीआयत गेल्यावर कळलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टच्या आत दाखवला तर ठीक. दोन-तीन व्होल्ट दाखवले तर वाट अर्थमध्येच अडली आहे, सेल्फ बिचारा निर्दोष. पाच मिनिटांचं काम!

आता तर हे जास्तच लागतं. 2020च्या एप्रिलपासून बीएस-6, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, आलं, गाडीभर सेन्सर. बिघाड वाचणारा स्कॅनर लावला की पी0171 असा कोड येतो. म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, एवढंच. पोरं लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलतात. हवेचा पाइप चिरलेला असतो, तो कोणी बघत नाही. माझ्या सेल्फचीच गोष्ट, फक्त बिल मोठं.

मेकॅनिक मोटर व्हेईकल हा ट्रेड दोन वर्षांचा. मुंबईत लोअर परळ, मुलुंड, कुर्ला अशा सरकारी आयटीआय आहेत. कुठे कोणता ट्रेड आहे, ते प्रवेशाच्या वेळी बघा. पुढे अप्रेंटिसशिप, विद्यावेतनासकट. एसटीसुद्धा घेते. मात्र नुसत्या आयटीआयने हात बसत नाही. तिथलं स्टँडवर ठेवलेलं इंजिन शंभरदा खोललेलं, त्याचे बोल्ट बोटांनी फिरतात. चिखलात अडकलेल्या गाडीचा गंजलेला बोल्ट तुटू न देता काढणं तिथे कसं येणार?

म्हणून संध्याकाळी पाठवा माझ्याकडे. पहिल्या दिवशी पाना नाही, मीटर देईन. आणि चपला घालून आला तर परत पाठवीन. माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख गिअरबॉक्सने नेलंय, ते अजून धड उगवलेलं नाही.