भडंगाच्या पाकिटावरचे नाव

गेली तीन वर्षे आम्ही विश्रामबागेतल्या सहा-सात जणी दिवाळीनंतर भडंग करून विकतो आणि खर्च वजा जाता उरलेले पैसे अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या, रुग्णांच्या औषधांसाठी वापरतो. १७ नोव्हेंबर हा आपल्याकडे राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो. त्याच्या आगेमागे चार दिवस विक्री करायची, असा आमचा शिरस्ता आहे. फराळ तोपर्यंत संपलेला असतो, गोडाचा कंटाळा आलेला असतो आणि सांगलीच्या माणसाला भडंग खाण्यासाठी निमित्त लागत नाही, त्यामुळे माल खपेल की नाही, ही चिंता आम्हाला कधी पडली नाही. चिंता पडली ती पाकिटावर काय छापायचे याची.

पहिल्या वर्षी आम्ही झटका आल्यावर काय करावे याची एक चिठ्ठी प्रत्येक पाकिटात घातली होती. सालीसकट ठेचून तळलेला लसूण, शेंगदाणे, कढीपत्ता आणि तिखट यांचे तेल दोन दिवसांत त्या चिठ्ठीने असे काही शोषून घेतले, की पाकीट फोडणाऱ्याला फक्त एक लालसर, पारदर्शक कागद मिळत असे. काहींनी तो मसाल्याच्या पुडीचा कागद समजून टाकूनही दिला. म्हणून दुसऱ्या वर्षी मजकूर बाहेरच्या लेबलावर घेतला आणि वर ठळक अक्षरांत ‘अपस्मार (फिट, आकडी, मिरगी) रुग्ण औषध निधी’ असे छापले. त्या दिवसापासून गिऱ्हाइकांची एक नवीनच जात आम्हाला कळली. पैसे पूर्ण देणारी, वर सुटे परत न घेणारी, पण पाकीट हातात घेऊन, उलटसुलट करून, “काकू, हे लेबलाचं नको, साधं द्या की. पाहुण्यांपुढं ठेवायचंय,” असे हळूच सांगणारी.

मला त्यांचा राग आला नाही, कारण मी त्याच घरातली आहे. माझ्या धाकट्या भावाला अकराव्या वर्षी पहिली फिट आली. आमच्या घरात त्या शब्दाचा उच्चार होत नसे. “त्याला चक्कर येते” एवढेच सांगितले जाई. शेजारचे लोक कांदा आणि चप्पल घेऊन धावत येत, आणि एकदा तर दातखीळ उघडण्यासाठी कोणीतरी त्याच्या तोंडात चमचा घातला, त्यात त्याच्या पुढच्या दाताचा तुकडा पडला. तो सायकलवरून पडला, असे आईने सगळ्यांना सांगितले. उपचार पुढे मिरजेत झाले. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तिथे रुग्णालय सुरू केल्यापासून आमच्या भागातली माणसे दुखण्यासाठी मिरजेलाच जातात, पण आईबाबा मात्र त्याला नेताना “लग्नाला चाललोय” म्हणून सांगत. गोळ्या नियमित सुरू झाल्यावर त्याचे झटके थांबले. आज तो मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब पाहतो. हे सगळे लिहू का, असे मी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “लिही, पण चमच्याचं नक्की लिही.”

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य निदान व औषध मिळाले तर त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. औषधेही दुर्मीळ नाहीत. त्यांतले फेनोबार्बिटोन तर १९१२ सालापासून वापरात आहे. अडचण असते ती रोजच्या गोळीची. शासनाच्या आरोग्य योजनेचा आधार मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्याला मिळतो, आणि अपस्माराचा रुग्ण बहुधा दाखल होत नाही. तो वर्षानुवर्षे घरी बसून गोळ्या घेतो, पैशांची चणचण आली की दोन दिवस चुकवतो, आणि अचानक बंद केलेल्या गोळीमुळे त्याला पूर्वीपेक्षाही जोराचा झटका येऊ शकतो. त्यामुळे आमचा निधी याच एका भगदाडावर लावायचा, असे आम्ही ठरवले. उरलेल्या गोळ्या गोळा करून वाटत नाही, कारण गोळी बदलणे हे डॉक्टरांचे काम आहे. डॉक्टरांची चिठ्ठी पाहून औषध दुकानात थेट पैसे भरतो. लोकांकडून पैसे जमवायचे तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी लागते, ती गणेश मंडळांप्रमाणे आम्हीही काढतो. (मंडळाच्या अध्यक्षांना वर्षानुवर्षे जी कटकट वाटते, ती आमच्यातल्या निवृत्त बँकवाल्या बाईंना सणासारखी वाटते.)

लेबलाकडे परत येते. साधी पाकिटे ठेवावीत, विक्री वाढेल, असे आमच्यातल्या दोघींचे म्हणणे होते आणि हिशेबाने ते बरोबरही होते, कारण दुसऱ्या वर्षी पैसे खरोखरच कमी जमले. तरी आम्ही साधे पाकीट ठेवले नाही. हिंदू विवाह कायद्यातून लग्नाला अडसर म्हणून असलेला अपस्माराचा उल्लेख १९९९ मध्ये काढून टाकला गेला, पण स्थळ पाहायला आलेल्या मंडळींपर्यंत ती दुरुस्ती अजून पोहोचलेली नाही. आणि जो शब्द आपण फराळाच्या पाकिटावरही सहन करत नाही, तो मुलीच्या आईने बैठकीत कसा उच्चारावा? शिवाय लेबलामुळेच काही माणसे परत आली. “हे साथीचं असतं का?” असे एका आजींनी विचारले. नसते, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग सुनेचं ताट वेगळं कशाला ठेवलंय मी?” त्यांनी पाकीट घेतले नाही, त्यांना तिखट चालत नव्हते.

लेबलावर चारच गोष्टी आहेत: माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ पाहा आणि झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला तर दवाखान्यात न्या. बहुतेक झटके त्याआधीच आपोआप थांबतात. ही वाक्ये पुरेशी आहेत, असे आम्हाला वाटत होते. गेल्या वर्षी एसटी स्टँडजवळच्या आमच्या टेबलापाशी एक कंडक्टर बाई थांबल्या, त्यांनी लेबल उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचले आणि विचारले, “गाडी भरलेली असली, तर कुशीवर वळवायचं कुठं?”

आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते. मग भावाच्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की गाडी कडेला थांबवावी, खाली घ्यायला जागा नसेल तर सीटवरच एका बाजूला कलते करून डोक्याला आधार द्यावा, आणि खिडकीची चौकट व समोरची दांडी यांच्यापासून डोके जपावे. यंदाच्या लेबलावर ती ओळ आली आहे. तिला जागा करण्यासाठी वजन, किंमत आणि अन्न परवान्याचा नंबर पाकिटाच्या मागच्या बाजूला न्यावा लागला. वरचे मोठे नाव मात्र लहान केलेले नाही.